डॉक्टर गेले, गोळ्या चालू ठेवा

बाळगोंडा,

आटपाडीचा बाजार करून सांगलीला परतताना भिवघाटाच्या पुढे तू गाडी कडेला घेतलीस, मागचे दोन्ही दिवे लुकलुकते ठेवलेस आणि गेलास. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याची सोय लावून मग मरणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कागदावर कारण आलं: हृदयविकाराचा तीव्र झटका. तुला आवडतं तसं एका ओळीचं निदान.

संध्याकाळी एका मोबाइलवरच्या चॅनेलने ते बदललं.

‘मनाच्या डॉक्टरचं मन कुणी वाचलंच नाही?’ अशी पट्टी होती. शेवटी प्रश्नचिन्ह. मी तीस वर्षं साताऱ्यात एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत काढली, त्यामुळे या प्रश्नचिन्हाची कामगिरी मला ठाऊक आहे. खोटं बोलायचं असेल तर ते विचारायचं, म्हणजे अंगाशी येत नाही. मागे बासरी चालू. पडद्यावर तुझा पुतणीच्या लग्नातला फोटो, चेहरा हसरा, हातात पापड. मग एक ‘मनोविकास मार्गदर्शक’ आले. त्यांनी तुला कधी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे त्यांच्या मतात कसलीच भेसळ नव्हती. म्हणाले, हसऱ्या चेहऱ्यामागचं नैराश्य ओळखायला प्रशिक्षित नजर लागते. मी तो फोटो चारदा पाहिला. मला पापडच दिसला.

आणि शेवटी त्यांचा बिनतोड सवाल आला. दिवस मावळताना, निर्जन रस्त्यावर, एकटा माणूस गाडी का थांबवतो?

पद्मावहिनींनी त्याच्या दुसऱ्या दिवशी मला फोन केला तो हे बघून. त्या रडत नव्हत्या, संतापल्या होत्या. “भावजी, वीस वर्षं त्याच लिंबाखाली थांबतात ते. दिवस बुडायच्या आत जेवायचं असतं म्हणून. डबा मांडीवर होता त्यांच्या. आमच्यात दिवे लागल्यावर कोण जेवत न्हाई, हे त्या शहाण्यांना कुणी सांगायचं?”

सांगलीच्या कुठल्याही जैन घरातल्या शाळकरी मुलीने सांगितलं असतं. पण तिला कॅमेऱ्यासमोर कोण बसवणार? तिच्याकडे प्रशिक्षित नजर कुठे आहे?

तुला वाटेल, वहिनींना तुझ्या नावाची काळजी पडली होती. अजिबात नाही. “यांना येडं म्हणू देत. जन्मभर येड्यांचा डॉक्टरच म्हणाले लोक,” म्हणाल्या. “पण सकाळपासनं चार पेशंटचे फोन आलेत. कोंडाबाई सांगतीय, म्हाकूनं गोळ्या उकिरड्यावर फेकल्या. डॉक्टरच डोक्यानं गेला, मग त्येच्या गोळ्या खाऊन माझं काय व्हणार, म्हणतोय. भावजी, तुम्ही पेपरवाले. आता काय करायचं ते तुम्हीच सांगा.”

म्हाकूला मी विसरणं शक्य नव्हतं. आटपाडीच्या पलीकडे माळावरच्या वस्तीत राहणारा मेंढपाळ. पूर्वी एकदा त्याला माळावर आवाज ऐकू यायला लागले. आवाजांनी सांगितलं म्हणून त्याने पाणी सोडलं, कळप सोडला, आणि अंगारे, उतारे, देवऋषी सगळं करून थकलेल्या कोंडाबाईने त्याला टेंपोत घालून तुझ्यापुढे आणून टाकलं. तेव्हापासून तो रोज एक गोळी घेतो आणि शंभर मेंढरं सांभाळतो. गोळी बंद केली की दोन-तीन आठवड्यांत आवाज परत येतात. हे तुला माहीत होतं, कोंडाबाईला माहीत होतं. बासरी वाजवणाऱ्यांना माहीत नव्हतं.

म्हणून मी आज तुझे गुण आठवत बसणार नाही. तसे लेख मी शेकड्याने दुरुस्त केलेत. त्यांत कोणीही मेला तरी तो ‘मनमिळाऊ’ असतो. तू मनमिळाऊ नव्हतास. तू पेशंटवर ओरडायचास, माझ्याशी भांडायचास आणि थोतांड करणाऱ्यांच्या सभेत मोठ्याने जांभई द्यायचास.

ते सांगलीचं शिबिर आठवतं? ‘अंतर्मन जागर’. मी पुरवणीसाठी गेलो होतो आणि तुला सोबत ओढलं होतं. वातानुकूलित हॉल, पांढऱ्या गाद्या, प्रत्येकाला एक उशी. गुरुजींनी, माफ कर, कोचनी सांगितलं की ही उशी म्हणजे तुमच्या आतलं जखमी लहान मूल आहे, त्याला कवटाळा आणि क्षमा मागा. हॉलभर माणसं हुंदके देऊ लागली. कोच तुझ्याजवळ आले. तू उशी डोक्याखाली घेऊन आडवा झाला होतास.

“सर, तुमच्या आतलं मूल काय म्हणतंय?”

“झोपलंय. उठवू नका.”

मग त्यांनी माझ्याकडे मोर्चा वळवला, तर तू डोळे मिटूनच म्हणालास, “त्येच्या आत मूल न्हाई. ॲसिडिटी हाय.”

बाहेर चहा पिताना मात्र तू हसत नव्हतास. तिथे पुढच्या रांगेत एक बाई होत्या, त्यांच्या गळ्याला गाठ होती आणि हात थरथरत होते. तू नाश्त्याच्या वेळी त्यांना हळूच बाजूला घेतलं होतंस आणि थायरॉइडची तपासणी करून घ्या म्हणून चिठ्ठी दिली होतीस. सहा महिने त्या बाईंनी आईला क्षमा करण्यात घालवले होते. “आई बिचारी कवाच मेली,” तू म्हणालास, “तिच्यावर कशाला खटला भरलाय? आधी रक्त तपासा की.”

कुणी म्हणेल, तुला बोलून बरं करण्याचाच राग होता. खोटं आहे. सांगलीतल्या एका समुपदेशक बाईंकडे तू स्वतःहून माणसं पाठवायचास. त्या बाई तासभर ऐकायच्या, कमी बोलायच्या आणि कुठल्याही फलकावर नव्हत्या. तुझा राग होता तो दुःखाच्या फॅशनवर. सासूशी पटलं नाही की ‘ट्रॉमा’, साहेब रागावला की ‘टॉक्सिक’, आणि रविवारी महाबळेश्वरला जाऊन आलं की ‘हीलिंग’. मी तुला विचारलं होतं, यात नुकसान काय? लोक बोलायला तर लागले. तू म्हणालास, “ज्येला हाय त्यो लपवतोय आन् ज्येला न्हाई त्यो मिरवतोय. माझ्या दारात यायचा त्यो पयला. तुझ्या पुरवणीत येतोय त्यो दुसरा.”

मला ते लागलं. कारण खरं होतं.

आता ती गोष्ट, जी मी तुझ्यापुढे कधीच धड बोललो नाही.

तुझा दवाखाना आटपाडीत बाजाराच्या दिवशीच का असायचा, हे मला कळायला फार वेळ लागला. नेमूअण्णांच्या बी-बियाणांच्या दुकानामागची खोली. दारावर पाटी नाही. आत यायचं ते खताच्या पोत्यांमधून. मला वाटायचं, भाडं वाचवतोस. एकदा तू सांगितलंस. बाजाराच्या दिवशी कुणीही कुणालाही ‘कुठं चाललाय’ विचारत नाही. हातात पिशवी असली की झालं. अण्णांच्या दुकानात माणूस शिरला तर तो मका घ्यायला शिरला. येताना पिशवीत वर कोथिंबीर, खाली महिन्याच्या गोळ्या. अख्ख्या तालुक्याचं वेड तू कोथिंबिरीखाली झाकून बरं करत होतास.

आणि मी त्यावर लेख लिहिला.

तुला न विचारता नाही, तेवढा मी पडलेला नाही. तू ‘नको’ म्हणालास, मी ‘गावाचं नाव घालत नाही’ म्हणालो, तू हात झटकून पेशंटकडे वळलास आणि मी ते होकारात धरलं. चांगला लेख होता. सोबत एक फोटो होता. तोही मी काळजीपूर्वक निवडला होता: तुझ्यापुढे बसलेला पेशंट, कॅमेऱ्याकडे पाठ. तोंडाचा जेवढा भाग दिसत होता तोही धूसर करून घेतला. नियमाप्रमाणे. साताऱ्याच्या कचेरीत बसून मला वाटलं, माणूस चेहऱ्याने ओळखतात.

माळावर माणूस चेहऱ्याने कशाला ओळखतील? तिथे अर्ध्या मैलावरून चालणारा कोण ते सांगतात. म्हाकूच्या खांद्यावरचं घोंगडं, त्याला कोंडाबाईने तांबड्या दोऱ्याने घातलेलं ठिगळ, एक खांदा पाडून बसायची ढब. रविवारी दुपारपर्यंत सगळ्या वस्त्यांवर कळलं. त्याच्या लेकीची सोयरीक ठरत आली होती. पाहुण्यांनी सुपारी परत पाठवली. पुढच्या तीन बाजारांना तुझी खोली जवळजवळ रिकामी होती.

तू मला फोनवर शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं. तू एवढंच म्हणालास, “पाठीचा फोटू काढलास व्हय रं? पाठच तर आमची ओळख हाय, गड्या.” आणि चार महिने बोलला नाहीस.

चार महिन्यांनी संसार अर्ध्यावर टाकून नलिनी गेली. तुझी आठवण येण्याइतकं भान मला नव्हतं. पंधराव्या दिवशी तू साताऱ्याला दारात उभा. मी झोपत नव्हतो, जेवत नव्हतो, आणि घरात येणारा प्रत्येक जण मला कुठलं ना कुठलं पुस्तक देत होता. एकाने तर दुःखाच्या पायऱ्या कागदावर काढून दिल्या होत्या, मी कितव्या पायरीवर आहे ते बघायला. तू तो कागद उचललास आणि त्यावर माझ्या गोळ्यांची वेळ लिहिलीस. “दुःख तुझं हाय, ते तुझ्यापाशीच राहू दे. त्येला मी हात लावत न्हाई. झोप तेवढी माझ्याकडनं घे.” आठ महिने मी गोळ्या घेतल्या. तू दर पंधरा दिवसांनी औंधच्या रस्त्याने वाकडी वाट करून यायचास, पत्ते खेळायचास, हरलास की चिडायचास. फोटोबद्दल एकदाही बोलला नाहीस. मीही नाही. माफी मागायची वेळ रोज येत होती आणि मी रोज पत्ते पिसत होतो.

पण बाळगोंडा, आपलं भांडण मी सोडलेलं नाही. तू गेलास म्हणून तुझं खरं, असं होणार नाही. तू म्हणायचास, झाकून ठेव, आधी माणूस बरा होऊ दे, लाज तिच्या चालीने जाईल. मी म्हणायचो, झाकलं की लाज वाढते. आज बघ. तू सगळं एवढं झाकलंस, की तू वीस वर्षं काय करत होतास हेच कुणाला ठाऊक नव्हतं. त्या रिकाम्या जागेत कुणीही येऊन बासरी वाजवली. कोथिंबिरीखाली गोळ्या लपतात, तशी खरी बातमीही लपते. याचं उत्तर तुझ्याकडे काही तरी असणार. ते ऐकायला मिळणार नाही, याचा मला तू गेल्याइतकाच राग आहे.

असो. काय केलं ते सांगतो.

माझ्या जुन्या दैनिकातून फोन आला. माझ्या खुर्चीवर आता बसणाऱ्या तरुणाचा. आवाजात हवा तेवढा कातरपणा होता. “सर, तुमचे मित्र होते. सहाशे शब्द द्या ना. अँगल एकाकीपणाचा ठेवू. शेवटी हेल्पलाइनची चौकट टाकतो.”

“ते हृदयविकाराने गेले,” मी म्हणालो. “कागद आहे.”

“हो सर, ते आपण मध्ये कुठेतरी घेऊच.”

मी सहाशे शब्द दिले नाहीत. तीन ओळींचा खुलासा दिला. तो आतल्या पानावर, निविदांच्या खाली, भिंगाने वाचावा लागेल अशा टायपात आला. चॅनेलला वहिनींनी कागद पाठवला, तर उत्तर आलं, ‘कुटुंबीयांच्या भावना आम्ही समजू शकतो.’ बघ, आता हृदयविकारसुद्धा भावना झाली. तिथे मला कळलं की या मंडळींशी बोलण्यात अर्थ नाही. ते खोडून काढणार नाहीत. फार तर खोडण्यावर एक चर्चासत्र ठेवतील. म्हाकूकडे तेवढा वेळ नव्हता. गोळी टाकून पाच दिवस झाले होते.

मी आटपाडीला गेलो. नेमूअण्णांना म्हटलं, “तुमच्या मक्याच्या बियाण्याची जाहिरात करणारी ती भोंग्याची रिक्षा मला एका बाजारापुरती द्या.”

अण्णा धोतराचा सोगा सावरत म्हणाले, “रिक्षा न्या. पण सगळ्या बाजारात डोक्याच्या गोळ्या म्हणून वरडलासा तर एक माणूस माझ्या दुकानाकडं फिरकणार न्हाई. मक्यालाबी न्हाई.”

मी रात्र न् दिवस पुरवण्या काढल्या, पण एवढा जपून मजकूर कधी लिहिला नव्हता. तो असा होता: ‘आपले डॉक्टर बाळगोंडा हार्ट अटॅकने वारले. घरचा डबा खाताना वारले. दुसरं काही ऐकलं असेल तर ते खोटं. दवाखाना चालू आहे. नव्या डॉक्टरीणबाई आल्या आहेत. बीपीची, शुगरची, फिटची, झोपेची, डोक्याची, कसलीही गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नये.’

बघितलंस? ‘डोक्याची’ शेवटी, गर्दीत उभी केली. तू तिला कोथिंबिरीखाली ठेवायचास, मी शुगरखाली ठेवली. भोंग्यावरून सगळ्यांना सांगितलं आणि कुणालाच सांगितलं नाही. यात तुझं किती आणि माझं किती, यावर आपण चार बाजार भांडलो असतो.

रिक्षावाल्याने ते बियाण्याच्या चालीतच म्हटलं. ‘वारले होऽऽ’ असं लांबवलं तेव्हा शेळ्यांच्या बाजारात दोन माणसं हसली आणि एकाने टोपी काढली. दोन्ही बरोबर होतं.

मागच्या खोलीत तुझी विद्यार्थिनी, डॉक्टर यास्मिन, तुझ्या खुर्चीवर न बसता शेजारचं स्टूल घेऊन बसली होती. वहिनी दाराशी वह्या घेऊन. अकरा वाजेपर्यंत कुणी नाही. मग एक बाई आली, मका बघितला, भाव विचारला, इकडे तिकडे पाहिलं आणि पोत्यांमधून आत शिरली. मग एक म्हातारा. मग नवरा-बायको, पिशवीत मेथी. दुपारपर्यंत खोली भरली. कुणी तुझ्याबद्दल एक शब्द विचारला नाही. वहिनींच्या पायांना मात्र एकेक जण हात लावून जात होता, जणू वाटेत सांडलेलं काही उचलतोय.

तीन वाजता कोंडाबाई आली. एकटी.

मला बघून थांबली. “पेपरवालं न्हवं तुमी? आज फोटू काडू नगा म्हंजी झालं.”

“नाही काढत. कोंडाबाई, तेव्हा माझं चुकलं. फार चुकलं.”

“व्हय, चुकलंच,” ती म्हणाली. तुझ्यासारखंच तिनेही ते मोठेपणाने उडवून लावलं नाही, याचं मला बरं वाटलं. “पोरगी पुढं चांगल्या घरात पडली. पर तवा लय रडली.” मग पदराने तोंड पुसून वहिनींना म्हणाली, “त्यो आलाय. भाईर पिंपळाखाली बसलाय. आत येत न्हाई.”

“का? अजून तेच डोक्यात आहे का?” मी विचारलं.

“न्हाई वं. भोंगा आयकला न्हवं त्येनं. डब्याचं आयकलं तवा म्हणला, मंग खरं हाय, डॉक्टर त्या टायमाला जेवत्यात. आता गोळ्या टाकल्या म्हणून भ्यातोय. डॉक्टर वरडतील म्हणतोय.”

वहिनी म्हणाल्या, “अगं बाई, डॉक्टर गेले की.”

“ते ठावं हाय त्येला. तरीबी भ्यातोय.”

यास्मिनने वहीत मान घातली. मी उठलो आणि पोत्यांमधून बाहेर गेलो.

म्हाकू पारावर उकिडवा बसला होता, माझ्याकडे पाठ करून. सहा दिवसांत डोळे आत गेले होते, पण नजर अजून त्याची होती. तेवढं मला तू शिकवलं आहेस. मी त्याच्या पुढ्यात जाऊन उभा राहिलो. मला ओरडता येत नाही, बाळगोंडा. मी आयुष्यभर लाल शाईने ओरडलो. तरी भर बाजारात छाती भरून घेतली.

“काय रं म्हाकू! गोळ्या उकिरड्याला चारल्यास व्हय? कोंबड्यांची डोकी बरी करायची हायेत का तुला?”

आवाज मध्येच फाटला. शेजारचा भाजीवाला बघायला लागला. म्हाकूने मान वर केली.

“तुमास्नी वरडाय जमत न्हाई, मालक,” तो म्हणाला. “त्ये लय जोरात वरडायचं.”

मग गुडघ्यावर हात टेकून उठला आणि माझ्या पुढे होऊन आत गेला.